कप्तानाचा उजवा पाय

बाईंना मी एकोणीस वर्षं ओळखतो, आणि त्यांतली निदान सतरा वर्षं त्या कुणावर ना कुणावर चिडलेल्या होत्या.

आम्ही एकाच कार्यशाळेत कामाला. अपघातात किंवा आजारात पाय गेलेल्यांना तिथे नवा पाय बसवून मिळतो. बाई पाय बनवतात, मी त्या पायांचे चामडी पट्टे शिवतो. खोली लांबोडकी आहे. एका टोकाला प्लास्टर कालवायची घमेली, दुसऱ्या टोकाला भट्टी, आणि मधोमध नव्या पायाने चालून बघायला दोन आडव्या दांड्या. माणसाच्या पायाचा जो भाग उरलेला असतो तो ज्या वाटीत बसतो तिला सॉकेट म्हणतात. सगळी मेख त्या वाटीत. ती दोराभर चुकली तर कातडी सोलते, आणि बरोबर बसली तर माणूस आपण काय घातलंय तेच विसरतो. बाईंची सॉकेटं लोक विसरायचे. बाईंना मात्र कुणी विसरायचं नाही.

पाठीमागे त्यांना सगळे तडतडबाई म्हणायचे. राग नाकावर हे म्हणायला झालं. बाईंचा राग आधी कानांवर यायचा. कान लाल झाले की आम्ही आपापल्या कामात डोकी खुपसायचो. एका बापाने मुलीची तारीख दोनदा चुकवली, म्हणाला, "पोरगी काय, घरातच तर असते." बाईंनी त्याचा उजवा बूट काढून घेतला आणि संध्याकाळपर्यंत एकाच बुटावर बसवून ठेवला. पुढची तारीख त्याने चुकवली नाही. त्यांचे यजमान शाळेची बस चालवायचे. आम्ही एकदा विचारलं, "साहेब, घरी कसं निभतं?" तर म्हणाले, "दिवसभर चाळीस पोरांचा आवाज ऐकतो. घरी एकच असतो. मला तर सुट्टीच वाटते."

कप्तान बाईंचे जुने पेशंट. पेशाने सर्व्हेअर, म्हणजे आठवडाभर जमिनी मोजायच्या आणि रविवारी फ्लाइंग क्लबच्या छोट्या विमानातून त्याच जमिनी वरून बघायच्या. मोटरसायकलच्या अपघातात उजवा पाय गुडघ्याखाली गेला, तरी बाईंनी बनवलेल्या पायावर त्यांनी परत परीक्षा दिली आणि परवाना मिळवला. माणूस गमत्या. बाई भडकल्या की म्हणायचे, "बाई, तुमची दोन तळपायांची आग मस्तकात जाते. माझी एकाच पायाची. म्हणून मी निम्मा थंड." बाई हसायच्या नाहीत, पण कानांचा रंग उतरायचा. पंधरा वर्षांत त्यांना असं बोलण्याची मुभा असलेला हा एकच माणूस.

आमच्याकडच्या बाकावर तपासणीची वाट बघत बसता बसता कप्तानांच्या डोक्यात ते खूळ आलं. शेजारी एक नऊ वर्षांची मुलगी बसली होती. तिचा पाय दीड वर्षापूर्वीचा. पोरगी वाढली, पाय तेवढाच राहिला, म्हणून तिच्या आईने बुटाखाली टायरचा जाड तुकडा चिकटवला होता. मोठ्या माणसाला एक पाय पाच-सात वर्षं पुरतो, मुलांना दरवर्षी नवा लागतो, आणि आमच्याकडची मुलांची यादी तेव्हा दोन वर्षं मागे होती. कप्तानांनी तो टायर बराच वेळ बघितला. महिन्याने येऊन म्हणाले, "बाई, मी विमानाने जगाची फेरी मारणार. लहान विमान, एकटा. लोकांकडून मुलांच्या पायांसाठी मदत गोळा करणार."

"अंथरूण पाहून पाय पसरावेत," बाई म्हणाल्या.

"माझा एकच पाय आहे. निम्म्या अंथरुणात भागतं."

त्यांनी ते खरंच जमवलं. क्लबने विमान दिलं, मागच्या सीटच्या जागी जादा टाकी बसवली. मदत समिती उभी राहिली. तिचे अध्यक्ष सोफासेटचे मोठे दुकानदार, गोड बोलणारे, फोटोत कायम मधोमध. त्यांनी घोषणा काढली: कप्तान जितक्या ठिकाणी उतरतील तितक्या वेळा देणगीदार पाच मुलांचे पाय देतील. बत्तीस थांबे. परतीची तारीखही त्यांनीच ठरवून टाकली आणि मांडववाल्याला, बँडवाल्यांना सांगून ठेवली.

बाईंचा प्रश्न वेगळाच होता. त्या विमानतळावर गेल्या, विमानात चढून कप्तानांच्या जागी बसल्या आणि दोन्ही पॅडलं दाबून बघितली. विमान वर चढताना उजवं पॅडल दाबून धरावं लागतं, नाहीतर नाक डावीकडे वळतं, हे त्यांना तिथे कळलं. म्हणजे तासन्‌तास जोर उजव्या पायावर, आणि तोही नडगीच्या टोकाशी. शिवाय बसून बसून उरलेला पाय सुजतो, मग वाटी आवळते. त्यांनी घोट्याचा कोन बदलला, आत मऊ अस्तर घातलं, माझ्याकडून पट्टा दोनदा उसवून घेतला. निघायच्या आदल्या दिवशी कप्तानांना समोर बसवून त्यांनी बजावलं, "दर तासाला पट्टा सैल करायचा. उतरलात की पाय काढायचा, आरशात सगळीकडून बघायचं आणि मला फोटो पाठवायचा. रोज. कुठंही कातडी लाल दिसली तर मी थांबा म्हणेन, आणि तुम्ही थांबायचं. कबूल?"

"कबूल," कप्तान म्हणाले. हातावर हात मारून म्हणाले. मी तिथे होतो.

पहिले पंधरा थांबे सुरळीत पार पडले. रोज बाईंच्या फोनवर गुडघ्याखालच्या पायाचा फोटो यायचा, कधी हॉटेलच्या पलंगावर, कधी विमानाच्या पंखाच्या सावलीत. बाई फोटो मोठा करून बघायच्या, "ठीक" एवढं लिहायच्या आणि कामाला लागायच्या. बाकावरची मुलं विचारायची, "मावशी, काका कुठं पोचले?" त्या म्हणायच्या, "पोचले. तू गुडघा वाकव."

अठराव्या थांब्याचा फोटो आला त्या सकाळी बाईंनी माझ्याकडे हात पुढे केला. "तुझा फोन दे." कालचा फोटो त्यांनी माझ्या फोनवर पाठवला आणि दोन्ही फोन माझ्या टेबलावर चामड्याच्या तुकड्यांत शेजारी शेजारी ठेवले.

"काय दिसतं?"

"पाय."

"मोज्याच्या शिवणीचा वळ बघ. काल कुठं आहे?"

"बाहेरच्या बाजूला. थोडा तिरका."

"आज?"

तिथेच होता. तसाच तिरका. वळाच्या मधोमध एक केस आडवा पडला होता, तोही दोन्हीकडे होता. फोटोतली चादर तेवढी कापून टाकली होती. मी वर बघितलं तर बाईंचे कान जांभळ्याकडे झुकले होते.

त्यांनी फोन लावला. व्हिडिओ कॉल, समोर कप्तानांचा चेहरा. दाढी वाढलेली, मागे पत्र्याची भिंत.

"कप्तान, पाय दाखवा."

"सकाळीच पाठवला की."

"तो कालचा. आत्ताचा दाखवा. फोन खाली धरा."

कप्तान म्हणाले, "जरा सोललंय."

"किती?"

"नाण्याएवढं."

"कुठल्या नाण्याएवढं?"

त्यांनी फोन खाली धरला. नडगीच्या टोकाला कातडी गेली होती, आणि ते कुठल्याही देशाच्या नाण्यात बसलं नसतं. कडा पांढऱ्या पडलेल्या, मधे ओलं लाल.

"दहा दिवस पाय घालायचा नाही," बाई म्हणाल्या. आवाज अगदी खालचा होता. "कुबड्या घ्या. उघडं ठेवा. दहा दिवसांनी परत बघू."

"बाई, दहा दिवस कसे? पुढचा टप्पा सगळा समुद्रावरून आहे, आणि वारा चारच दिवस बरा आहे. पलीकडे शाळेची मुलं धावपट्टीवर येऊन थांबणार आहेत. घरी तारीख ठरलीय. एक टप्पा होऊ दे, मग तिथे दम खातो."

"तू कबूल केलं होतंस."

बाईंच्या तोंडून त्यांच्यासाठी 'तू' मी पहिल्यांदाच ऐकला.

"पोरांसाठीच चाललंय ना हे," कप्तान म्हणाले.

"पोरांच्या आड लपू नकोस. मी तुला पाय दिला तो वापरायला. त्याचा जुना फोटो दाखवून मला फसवायला नाही दिला." आणि त्यांनी फोन बंद केला.

दुपारी त्या अध्यक्षांच्या दुकानात गेल्या. मला बरोबर नेलं, बहुतेक साक्षीला. प्लास्टिकच्या कव्हरांतल्या सोफ्यांमधून वाट काढत आम्ही आत पोचलो. अध्यक्षांनी बसायला सांगितलं. बाई बसल्या नाहीत.

"त्यांना थांबवा. जखम झालीय. असंच उडत राहिले तर पाय गुडघ्यावरून कापायची वेळ येईल, आणि त्याआधी समुद्रात पडले नाहीत तर."

"बाई, तुमची काळजी मला समजते," अध्यक्ष म्हणाले. "पण मोठ्या कामात थोडं दुखायचंच."

"कुणाला?"

"अं?"

"दुखणार कुणाला, ते विचारतेय. तुम्हाला कुठं दुखतंय?"

अध्यक्षांनी चहा मागवला. तो यायच्या आत आम्ही रस्त्यावर होतो. बाई म्हणाल्या, "उंटावरून शेळ्या हाकतोय मेला." आणि माझ्यापुढे दहा पावलं कार्यशाळेकडे निघाल्या.

दुसऱ्या दिवशी बाई जेवायला घरी गेल्या असताना अध्यक्ष चित्रफीत काढायला एका फोटोवाल्याला घेऊन आमच्याकडे आले. बाकावरच्या मुलांना त्यांनी ओळीत उभं केलं, ज्यांचे पाय नव्हते त्यांना पुढे. "म्हणा, काका, थांबू नका." मुलं म्हणाली. ती टायरवाली मुलगीही म्हणाली. मी सुई हातात धरून बघत राहिलो, अडवलं नाही. आमच्याच मदतीचं काम आहे, आपण कोण अडवणारे, असं मला वाटलं. याची लाज मला अजून आहे.

बाई परत आल्या तेव्हा चित्रफीत कप्तानांपर्यंत पोचली होती. बाईंनी मुलीला विचारलं, "तुला माहीत होतं, काकांच्या पायाला जखम झालीय?" मुलीने मान हलवून नाही म्हटलं. "ते म्हणाले, हसून म्हण." बाईंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. त्या ओरडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

कप्तान उडाले. सात तास समुद्रावरून. उतरताना उजव्या पायाने ब्रेक दाबायला गेले तेव्हा पायात जोर उरला नव्हता. मोजा रक्ताने भिजून वाटीत घसरत होता. विमान धावपट्टी सोडून गवतात गेलं, पुढचं चाक मोडलं, नाकावरचा पंखा जमिनीवर आपटून वाकला. एका छोट्या बेटावरचा विमानतळ तो. कप्तान वाचले, कपाळाला खोक पडली तेवढंच. त्यांना वाट बघणाऱ्या मुलांसमोरूनच स्ट्रेचरवर नेलं.

आणि तिसऱ्या दिवशी पेपरात आलं: 'कृत्रिम पायातील दोषामुळे विमानाला अपघात. कप्तानांचा निर्धार कायम. अध्यक्षांची माहिती.'

बाईंनी ते उभ्या उभ्या वाचलं. मी वाट बघत होतो की आता घमेलं भिंतीवर जाणार. काही गेलं नाही. तेवढ्यात एक आई आत आली, हातात पिशवी. पिशवीतून तिने मुलाचा पाय काढला आणि बाईंपुढे धरला. "बाई, हा पण तसलाच आहे का?"

बाईंनी पाय घेतला. दिव्याखाली धरला. एकेक रिबिट दाबून बघितली, घोटा फिरवला, अस्तरात बोटं घालून शिवण चाचपली, सगळं त्या आईसमोर. दहा मिनिटं. मग म्हणाल्या, "चांगला आहे. घाला." त्या दिवशी अशा सहा आया आल्या. बाईंनी साही पाय तसेच तपासले.

मीच भडकलो. "बाई, तुमच्याकडे दोन फोटो आहेत. द्या पेपरवाल्यांना. सगळ्यांना दिसू दे कोण खोटं बोललं."

"पेशंटचा पाय आहे," बाई म्हणाल्या. "चव्हाट्यावर नाही मांडायचा."

"आणि तुमचं नाव?"

"मी काय बोलले ते ऐकू आलं ना तुला?"

कप्तानांचा फोन नऊ दिवस आला नाही. बाईंनीही केला नाही. यजमान त्यांना म्हणाले, "तूच कर. तो लाजेने करणार नाही." बाई म्हणाल्या, "लाज वाटत असेल तर वाटू दे. अजून थोडी वाटू दे." त्या दिवसांत त्या कुणावर ओरडत नव्हत्या. कार्यशाळेत इतकी शांतता होती की भट्टीचा आवाज दिवसभर ऐकू यायचा, आणि आम्ही सगळे टाचा उचलून चालायचो.

दहाव्या दिवशी फोन वाजला. बाईंनी तो माझ्या टेबलावर उभा केला. कप्तान बारीक झाले होते.

"बाई, जखम भरत आलीय. इथल्या दवाखान्यात बरं बघतात. पण पायाचा आकार बदललाय, जुनी वाटी बसत नाही. नवीन पाहिजे."

"माझ्या पायात दोष असतो. पेपरात आलंय. दोष असलेला पाय परत कशाला मागतोस?"

कप्तानांनी मान खाली घातली. "ते मी म्हटलं नाही."

"वाचलंस का?"

"वाचलं. अध्यक्ष म्हणाले, माझी चूक म्हटली तर लोक हात आखडतील, यंत्राची म्हटली तर कुणाला वाईट वाटणार नाही. मी काही बोललो नाही."

"यंत्र नाही ते. मी आहे ती." इतक्या दिवसांत बाईंचा आवाज पहिल्यांदाच चढला, आणि मग तो थांबेना. "सहा आया आल्या माझ्या दारात पिशव्या घेऊन. सहा. तुझ्या निर्धारासाठी. ज्या पोरांसाठी उडतोयस त्यांच्या आया घाबरून पाय काढून ठेवायला लागल्या, आणि तू गप्प. तुला मी दुसरा पाय देईन, कारण तो देणं माझं काम आहे. पण आधी खरं सांग. मला नको सांगू, मला ठाऊक आहे. त्यांना सांग."

दुसऱ्या दिवशी कप्तानांनी बेटावरून स्वतःची चित्रफीत काढून सगळीकडे पाठवली. दवाखान्याच्या ओट्यावर बसून, पँट गुडघ्यापर्यंत वर, जखम समोर. ते म्हणाले, "पाय उत्तम होता. मी त्याची निगा ठेवली नाही. मला थांबायला सांगितलं होतं, मी थांबलो नाही, आणि वर जुने फोटो पाठवले." अध्यक्षांनी त्याच संध्याकाळी समिती सोडली. काही देणगीदार गेले, काही राहिले, क्लबच्या लोकांनी बाकीचं सांभाळलं.

नव्या वाटीसाठी उरलेल्या पायाचा प्लास्टरचा साचा हवा होता, आणि बेटावर असं काम करणारं कुणीच नव्हतं. कप्तानांनी एक होड्या दुरुस्त करणारा गाठला. फुटलेल्या होडीला कापड आणि राळ चढवण्यात त्याचा हात बसलेला. त्याला आमची भाषा येईना, बाईंना त्याची, मधे फोन धरून दुभाषी कप्तान, आणि ज्या पायाचा साचा घ्यायचा तोही त्यांचाच.

"सांग त्याला, बोटं रुतवू नको. ही काय होडी आहे?"

कप्तानांनी सांगितलं. तो माणूस काहीतरी बोलून हसला.

"काय म्हणतो?"

"म्हणतो, होडी निदान ओरडत नाही."

"त्याला म्हणावं, पहिला फेकून दे. परत घे."

तीन वेळा घ्यायला लावला. पुढे लाकडी पेटी टपालाने आली. आत दोरखंडाच्या तुकड्यांत गुंडाळलेला साचा. बाईंनी तो हातात फिरवला, अंगठ्याने कडा तपासल्या, आणि म्हणाल्या, "बरा आहे." आमच्याकडे तीन वर्षं शिकलेल्यांना हा शब्द मिळालेला नाही.

नवा पाय गेला. विमानाचा पंखा आणि चाक यायला आणखी दोन महिने लागले. कप्तान मग उडाले ते थांबत थांबत. रोज फोटो यायचा, आणि त्यात शेजारी त्या दिवसाचा पेपर ठेवलेला असायचा. बाईंनी तो मागितला नव्हता. त्या बघायच्या आणि उत्तर लिहायच्या नाहीत.

ठरल्या तारखेनंतर पाच महिन्यांनी ते परतले. बँड नव्हता. क्लबची माणसं, बाकावरची मुलं, मी, बाईंचे यजमान शाळेची बस घेऊन. बाई आल्या नाहीत; त्यांच्या भट्टीत त्या दिवशी चार सॉकेटं होती. त्या फेरीतून पुढच्या दोन वर्षांत दीडशेच्या वर मुलांना पाय मिळाले. टायरवाल्या मुलीला पहिल्यांदा. तिने तो पायाखालचा टायर उकिरड्यावर भिरकावला, आणि अकराव्या महिन्यात नवा पायही तिला आखूड झाला. बाई त्यावरही चिडल्या. "एक फेरी मारली की संपलं, असं लोकांना वाटतं. पोरं काय वाढायची थांबतात?" दर महिन्याला त्या आता सरकारी कचेरीत जाऊन बसतात, मुलांचे पाय दरवर्षी ठरलेले मिळावेत म्हणून. तिथल्या साहेबालाही त्यांचे कान ओळखता येऊ लागलेत.

कप्तान वर्षभराने तपासणीला आले. रांगेत बसले. नंबर आल्यावर नेहमीसारखे बाईंच्या टेबलाकडे निघाले, तर बाई म्हणाल्या, "तिकडे." कोपऱ्यात धाकट्या बाई होत्या, बाईंनीच शिकवलेल्या. "तुमचा पाय आता त्या बघतील. त्यांचं काम चांगलं आहे."

'तुमचा' म्हणाल्या. ते 'तू'पेक्षाही लांबचं वाटलं.

"अजून राग आहे?" कप्तानांनी विचारलं.

"आहे."

"फेरीचा?"

"फेरी चांगली केलीत. त्या फोटोचा." बाई हातातली वाटी कानसीने घासत होत्या. "पंधरा वर्षं मी तुमच्या पायाला हात लावून सांगायचे, इथं दुखतं, तिथं दुखतं. तुम्ही सांगायच्या आधी. आता मला तुमच्या पायावर विश्वास ठेवता येत नाही. खोटं नाही बोलत. येत नाही."

कप्तान कोपऱ्यात जाऊन बसले आणि पँट वर केली. धाकट्या बाईंनी नव्या वाटीसाठी प्लास्टर कालवायला घेतलं. पाचच मिनिटांत खोलीच्या या टोकावरून बाईंचा आवाज आला, "पाणी जास्त होतंय. त्याची नडगी बोचरी आहे, पुढून जाड घ्या."

"घेते," धाकट्या बाई म्हणाल्या, आणि त्यांनी घेतलं.